जामखेड, १९७० : संततिनियमन दारापर्यंत कसे पोहोचले?

भ्रमणध्वनीवर गोळीची आठवण येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत टिकेनात; तेव्हा गावांनीच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. फिरते वैद्यकीय पथक ठरल्या दिवशी येऊन जाई. ही सेविका मात्र रोजची शेजारीण. गर्भनिरोधक गोळ्या तिच्याकडेच मिळू लागल्या. पण गोळी हाताशी असूनही प्रश्न उरेच : झालेली मुले जगतील याचा भरवसा नसताना कोणती आई थांबेल? म्हणून आधी अतिसार, कुपोषण आणि धनुर्वात यांच्याशी सामना झाला. बालमृत्यू घटले, तशी कुटुंबनियोजनाची मागणी घराघरांतून आपसूक वाढली.