चित्रवीथीतली जुळी

गोष्ट सांगणाऱ्याने काळाची सरळ वाट सोडली, त्याला हजारो वर्षं झाली. होमरच्या ‘ओडिसी’त नायकाची बरीचशी भटकंती नवव्या ते बाराव्या सर्गात येते, आणि तीही त्याच्याच तोंडून, परक्या राजाच्या दरबारात. महाभारत तर सगळंच मागाहून सांगितलेलं: जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनांनी ऐकवलेली कथा सौती नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगतो. त्यातच आदिपर्वाच्या आरंभी धृतराष्ट्राचा विलाप येतो आणि युद्धाचा निकाल श्रोत्याला आधीच कळतो. फ्लॅशबॅक आणि पूर्वसूचन तेव्हापासून एका घरात नांदत आले आहेत.

पूर्वसूचनाला शास्त्राचा आधार दिला तो नाट्यशास्त्राने. कथानकाचं ‘बीज’ सुरुवातीला थोडंसंच पेरावं, पुढे ते अनेक अंगांनी फुलावं, हा त्यातला विचार. ‘पताकास्थानक’ ही युक्ती आणखी नेमकी: बोलणं एका गोष्टीचं चाललेलं असतं आणि त्यातून पुढे येणारी दुसरीच गोष्ट सूचित होते. नाट्यशास्त्र तिचे चार प्रकार सांगतं.

फ्लॅशबॅक आणि पूर्वसूचन या जोडीचं सर्वांत देखणं रूप मला आठव्या शतकातल्या भवभूतीकडे दिसतं. त्याच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात लक्ष्मण राम-सीतेला चित्रवीथी दाखवतो. भिंतीवर त्यांचाच भूतकाळ रंगवलेला आहे: विवाह, वनवास, पंचवटी.

पण इथलं एकही चित्र नुसतं मागचं सांगून थांबत नाही. जृंभकास्त्रांचं चित्र पाहून राम गरोदर सीतेला सांगतो, की ही अस्त्रं आता तुझ्या अपत्यांच्या सेवेला येतील. पाचव्या अंकात लव तीच अस्त्रं सोडतो. गंगेचं चित्र दिसताच राम तिला सीतेची काळजी घ्यायला विनवतो, आणि टाकून दिलेल्या सीतेला पुढे गंगाच सांभाळते. चित्रं पाहून सीतेला पुन्हा अरण्यात जायचे डोहाळे लागतात. त्या हौसेसाठी मागवलेला रथच तिला निर्वासनाकडे नेतो.

मग सीता रामाजवळ झोपी जाते. तिचं सारंच आपल्याला प्रिय, असह्य काय तो तिचा विरह, असं राम मनाशी म्हणतो, तोच प्रतिहारी येऊन ‘आला’ असं सांगते. आलेला असतो हेर दुर्मुख, लोकापवादाची बातमी घेऊन. पताकास्थानकाचा याहून भेदक प्रयोग मला माहीत नाही.

सिनेमानेही हेच कूळ पुढे चालवलं. ‘सिटिझन केन’ (1941) नायकाने मरताना उच्चारलेल्या एका शब्दाने सुरू होतो. मग माणसांच्या आठवणींतून मागचं आयुष्य उलगडतं आणि त्या शब्दाचा अर्थ शेवटच्या दृश्यांपर्यंत राखून ठेवला जातो.

म्हणून मला वाटतं, फ्लॅशबॅक ही माहिती पुरवण्याची सोय नव्हे. कथेने मागे जावं ते पुढचं काही पेरण्यासाठी. ज्या आठवणीमुळे पुढच्या एकाही प्रसंगाचं वजन वाढत नाही, ती कितीही सुंदर असली तरी लेखकाने गाळावी. भवभूतीने सीतेला एकही चित्र उगाच दाखवलेलं नाही.