व्यवसाय सुरक्षा व आरोग्य : आंतरराष्ट्रीय श्रम मानके आणि शासन

कामाच्या ठिकाणी होणारे अपघात आणि कामातून जडणारे रोग टाळण्यासाठी शासनाने उभारायची व्यवस्था. तिचा आंतरराष्ट्रीय आराखडा जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करारांत व शिफारशींत सापडतो. संघटना 1919 साली स्थापन झाली आणि भारत तिचा संस्थापक सदस्य आहे. शासन, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी हे करार ठरवतात. देशाने करार मान्य केला (अनुसमर्थन) की तो पाळणे बंधनकारक होते, ठरावीक मुदतीने अहवाल द्यावा लागतो आणि तज्ज्ञांची समिती तो तपासते. पोलीस पाठवण्याची सोय संघटनेकडे नाही. चारचौघांत जाब विचारला जातो, एवढाच काय तो धाक.

या विषयाचा पाया 1981 चा करार क्र. 155. प्रत्येक देशाने मालक व कामगार संघटनांशी बोलून राष्ट्रीय धोरण ठरवावे, ते वेळोवेळी तपासावे, पुरेशी तपासणी यंत्रणा ठेवावी, असे तो सांगतो. सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगाराच्या माथी मारता येत नाही. जीव धोक्यात आहे असे वाजवी कारणाने वाटून कामगार जागेवरून दूर झाला, तर त्याला शिक्षा होता कामा नये. 2006 च्या करार क्र. 187 ने धोरणाच्या जोडीला यंत्रणा आणि कालबद्ध कार्यक्रम मागितला. जून 2022 मध्ये हे दोन्ही करार ‘मूलभूत’ ठरले. म्हणजे त्यांतील तत्त्वांचा आदर करणे ते मान्य न केलेल्या सदस्यांवरही आले. त्या वेळी भारताने दोहोंपैकी एकही मान्य केलेला नव्हता. गंमत अशी की क्र. 187 जगात अंमलात आला 20 फेब्रुवारी 2009 रोजी, आणि भारताने आपले कार्यस्थळ सुरक्षा, आरोग्य व पर्यावरण धोरण जाहीर केले तेही त्याच दिवशी.

भारतातील कायदे या करारांहून जुने आहेत. मुंबईतील गिरण्यांची पाहणी करण्यासाठी 1875 मध्ये आयोग नेमला गेला आणि 1881 मध्ये पहिला कारखाना कायदा झाला. धोकादायक यंत्रांना कुंपण घालणे त्यात होते. मुलांचे किमान वय मात्र 7 वर्षे! 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी केलेल्या मागण्यांत साप्ताहिक सुट्टीबरोबरच जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार हीही मागणी होती. पुढे मुख्य आधार ठरलेला कारखाना अधिनियम 1948 चा. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा 2020 च्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली.

मोठे वळण आले ते भोपाळमुळे. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. कारखान्यात काय साठवले आहे आणि वायू सुटला तर काय करायचे, हे आसपासच्या वस्त्यांना कुणी सांगितले नव्हते. 1987 च्या दुरुस्तीने कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घातले : जागा तपासणारी समिती, आपत्कालीन आराखडा, धोक्याची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देण्याची सक्ती. कलम 41-ह ने कामगाराला आसन्न धोक्याची सूचना देण्याचा हक्क दिला. सूचना देणे आणि काम सोडून बाहेर पडणे यांत मात्र अंतर आहे, आणि क्र. 155 दुसऱ्याला संरक्षण देतो.

जगाने हाच धडा 1993 च्या करार क्र. 174 मध्ये लिहिला. भारताने तो 2008 मध्ये मान्य केला. एखाद्या देशाने मोठ्या अपघाताच्या भीतीने एखादे रसायन वा तंत्र घरी बंद केले असेल, तर ते बाहेर पाठवताना ही बंदी आणि तिची कारणे आयातदार देशाला कळवावीत, असे त्यात आहे. मोठ्या धोक्याचे कारखाने वस्तीपासून दूर ठेवण्याचे धोरणही तो मागतो. ही अट कागदावर सोपी आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे 2016 आणि मे 2024 मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, आणि दोन्ही वेळा कारखान्याबाहेरची घरे-दुकानेही हादरली. अशा ठिकाणी कारखान्याने जागा निवडण्याइतकाच प्रश्न नंतर त्याच्या कुंपणापर्यंत सरकत आलेल्या इमारतींचा असतो. आणि बांधकाम परवाना देणारे कार्यालय वेगळे, कारखाना तपासणारे संचालनालय वेगळे.

सगळा डोलारा उभा असतो तो निरीक्षकावर. 1947 चा करार क्र. 81 भारताने 1949 मध्येच मान्य केला. त्यानुसार निरीक्षकाला दिवसा वा रात्री, आगाऊ कल्पना न देता कारखान्यात शिरता आले पाहिजे. तक्रार कुणी केली हे त्याने गुप्त ठेवले पाहिजे. 2014 पासून केंद्राने संगणकाने निवडलेल्या तपासण्यांची पद्धत आणली. निरीक्षकांच्या जाचाची, म्हणजे ‘इन्स्पेक्टर राज’ची, मालकांची तक्रार अगदीच खोटी नव्हती, पण ज्याच्या येण्याची भीती उरली नाही त्या निरीक्षकाचा उपयोग काय, हा कामगार संघटनांचा प्रश्नही टाळता येत नाही. नव्या संहितेत त्याचे पदनामच निरीक्षक तथा सुविधाकार असे झाले आहे.

अपघात डोळ्यांना दिसतो, रोग दिसत नाही. दगड फोडणाऱ्याच्या फुप्फुसात बसलेली धूळ सिलिकोसिस म्हणून उमटायला वर्षे लागतात, तोवर ठेकेदार बदललेला असतो. 1948 च्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत 29 रोग होते आणि तसा रोगी आढळल्यास डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला कळवणे बंधनकारक होते. पण खोकणारा माणूस क्षयरोगी म्हणून नोंदला गेला की कामाचा संबंध तिथेच तुटतो.

ओझ्याची गोष्ट त्यामानाने साधी. करार क्र. 127 (1967) भारताने 2010 मध्ये मान्य केला. त्याच्या जोडीची शिफारस प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा 55 किलोच्या वर असल्यास ती लवकरात लवकर खाली आणा, असे म्हणते. पाठीवर क्विंटलाची गोणी घेऊन चालणाऱ्या महाराष्ट्रातील हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा त्याआधीच होता. त्याचा जोर मात्र वजनापेक्षा मंडळात नोंदणी, मजुरी, भविष्य निर्वाह निधी यांवर होता.

शेवटी, कारखान्याचे नियम कुणाला लागू होतात हे ‘कारखाना’ कशाला म्हणायचे यावर ठरते. नव्या संहितेत यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 ऐवजी 20 कामगारांपासून सुरू होते. यंत्रशक्ती नसेल तर 20 ऐवजी 40 पासून.