मोटारीच्या दारावरील ओरखडा : दुरुस्तीपूर्वी खोली पाहणे आवश्यक

मोटारीच्या दारावर उमटलेला ओरखडा बहुतेक वेळा केवळ दिसण्याचा प्रश्न मानला जातो. प्रत्यक्षात तो रंगाच्या कोणत्या थरापर्यंत गेला आहे, यावर दुरुस्तीची पद्धत, खर्च आणि निकड या तिन्ही गोष्टी ठरतात. वरवरच्या ओरखड्यासाठी संपूर्ण दार रंगवून घेणे हा अनावश्यक खर्च ठरतो. उलट पत्रा उघडा पडला असताना पावसाळ्यापर्यंत थांबल्यास लहानशा जागेतील गंज पसरून काम अनेक पटींनी वाढते.

छत्तीसगडमधील रायपूर शहराला लागून असलेल्या बीरगांवसारख्या औद्योगिक वस्तीत हा विषय अधिक महत्त्वाचा आहे. बीरगांवजवळ उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे असून तेथे स्पंज आयर्न व पोलाद उद्योगांचे अनेक कारखाने आहेत. घरांच्या छतांवर आणि वाहनांवर काळी भुकटी साचत असल्याच्या तक्रारी या परिसरातून अनेक वर्षांपासून होत आल्या आहेत. अशा ठिकाणी रंगावर दिसणारी प्रत्येक खूण ओरखडाच असते असे नाही.

रंगाचे थर

कारखान्यात पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया होते. त्यानंतर विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने गंजरोधक थर बसविला जातो. त्यावर प्रायमर, मग मूळ रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. या सर्व थरांची एकूण जाडी साधारणपणे 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्यापेक्षा फारशी जास्त नसते. यापैकी क्लिअर कोट सुमारे 35 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. रंगाची चमक आणि उन्हापासूनचे संरक्षण त्यावरच अवलंबून असते.

खोली कशी ओळखावी

तपासणीपूर्वी दार पाण्याने व सौम्य शांपूने स्वच्छ धुवावे. त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात.

- ओरखड्यावर पाणी टाकताच तो दिसेनासा झाला आणि त्यावरून फिरविलेले नख अडकले नाही, तर नुकसान क्लिअर कोटपुरते मर्यादित आहे.
- नख अडकत असेल आणि तळाशी वेगळा, बहुधा करडा थर दिसत असेल, तर ओरखडा प्रायमरपर्यंत पोहोचला आहे.
- चकाकणारा धातू किंवा तपकिरी छटा दिसत असल्यास पत्रा उघडा पडला आहे.
- दुसऱ्या वाहनाचा रंग दारावर चिकटला असल्यास ती खूण खोल वाटते, परंतु ती वर उठलेली असते. रबिंग कंपाऊंडने ती बहुधा निघून जाते.
- रंगावर सर्वत्र विखुरलेले बारीक तपकिरी ठिपके पत्र्याच्या गंजाचे नसून हवेतून येऊन रुतलेल्या लोहकणांचे असू शकतात. लोहकण विरघळविणारे द्रावण किंवा क्ले बार वापरून ते काढता येतात. त्यासाठी रंगकामाची गरज नसते.

वरवरचा ओरखडा

क्लिअर कोटमधील ओरखडा रबिंग कंपाऊंड आणि त्यानंतर पॉलिशने जातो. तो किंचित खोल असल्यास 2000 ते 3000 क्रमांकाचा वॉटर पेपर पाणी लावून हलक्या हाताने फिरवावा लागतो. या पद्धतीत ओरखडा भरला जात नाही, तर भोवतालचा क्लिअर कोट झिजवून त्याच्या पातळीवर आणला जातो. म्हणूनच एकाच जागी वारंवार पॉलिश केल्यास तो थर संपुष्टात येऊन रंग फिका पडतो. दाराच्या कडा व उभारलेल्या रेषांवर रंग पातळ असल्याने तेथे विशेष काळजी घ्यावी.

पत्रा उघडा पडल्यास

नखाएवढ्या किंवा बारीक रेषेसारख्या जागेसाठी टचअप पुरेसे असते. मोटारीचा रंग क्रमांक दाराच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर असतो. त्यानुसारच रंग घ्यावा. गंज असल्यास चकचकीत पत्रा दिसेपर्यंत तो वॉटर पेपरने घासून काढावा. थोडासा गंज आत राहिला तरी तो नव्या रंगाखाली पसरत जातो आणि काही महिन्यांत फुगवटा दिसू लागतो. जागा कोरडी करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. नंतर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट यांचे पातळ थर द्यावेत. प्रत्येक थर डब्यावर नमूद केलेल्या वेळेइतका सुकू द्यावा. एकच जाड थर दिल्यास रंग ओघळतो.

दाराच्या खालच्या कडेकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे पत्रा दुमडलेला असतो आणि काचेजवळून आत शिरलेले पाणी तळाच्या लहान छिद्रांतून बाहेर पडते. ती छिद्रे धूळ व चिखलाने बुजल्यास ओल आत साचून दार आतूनही गंजते.

लांब ओरखडा, पोचा किंवा मोठी उघडी जागा असल्यास डेंटिंग-पेंटिंगच्या कार्यशाळेत काम करून घेणे योग्य ठरते. मेटॅलिक रंगात केवळ तेवढाच भाग रंगविल्यास छटेतील फरक डोळ्यांत भरतो. उन्हाने जुना रंगही बदललेला असतो. त्यामुळे कुशल कारागीर दुरुस्तीचा रंग भोवतालच्या भागात क्रमाक्रमाने मिसळतात आणि क्लिअर कोट संपूर्ण दारावर देतात. पुट्टीचा थर किती दिला जाणार, याची विचारणा ग्राहकाने आधीच करावी.

या कामातील दोन घटकांच्या रंगात मिसळल्या जाणाऱ्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्यामुळे कारागिरांना दमा जडू शकतो. साधा रुमाल किंवा कापडी मास्क त्यापासून संरक्षण देत नाही. म्हणून असे रंग घरी फवारू नयेत.

विम्याचा हिशेब

लहान दुरुस्तीसाठी विम्याचा दावा करण्यापूर्वी हिशेब करावा. दावा न केल्यास मिळणारा नो क्लेम बोनस पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असतो आणि तो 25, 35, 45 असा वाढत पाच वर्षांनी 50 टक्क्यांवर जातो. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यावरच तो लागू होतो. दावा केल्यास तो सर्वसाधारणपणे शून्यावर येतो. सर्वसाधारण पॉलिसीत रंगाच्या साहित्यावर 50 टक्के घसारा कापला जातो आणि देयकात साहित्य वेगळे दाखविले नसेल, तर रंगकामाच्या रकमेचा 25 टक्के भाग साहित्याचा धरला जातो. 1500 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी 1000 रुपये मालकाला सोसावे लागतात.

उदाहरणार्थ, रंगकामाचे एकत्रित देयक 6000 रुपयांचे असल्यास घसाऱ्याचे 750 आणि मालकाच्या वाट्याचे 1000 रुपये वजा होऊन 4250 रुपये मिळतील. बोनसपूर्व हप्ता 10 हजार रुपये आणि बोनस 50 टक्के असल्यास पुढील वर्षी 5000 रुपयांची सवलत जाईल. म्हणजेच अशा वेळी दावा तोट्याचा ठरतो. घसारारहित किंवा बोनस संरक्षणाची जोड घेतली असल्यास हिशेब बदलतो.

नंतरची काळजी

नव्या रंगावर पहिला सुमारे एक महिना मेण लावू नये. धुळीने माखलेली मोटार कोरड्या फडक्याने पुसणे हे बारीक ओरखड्यांचे प्रमुख कारण आहे. लोहकण व राखमिश्रित धूळ असलेल्या भागात तर फडके वॉटर पेपरसारखेच काम करते. त्यामुळे प्रथम भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी, त्यानंतरच मऊ मायक्रोफायबर कापड वापरावे. मध्य भारतात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या मध्यास पोहोचतो. उघड्या पत्र्याची दुरुस्ती त्यापूर्वी, मे महिन्यातच उरकून घेणे हितावह आहे.