बिस्मथयुक्त क्युप्रेट अतिसंवाहक : प्रतिष्ठापनाचा इतिहास

विशिष्ट तापमानाच्या खाली पदार्थाचा विद्युत् रोध पूर्णपणे नाहीसा होतो, या आविष्काराला अतिसंवाहकता म्हणतात. बेडनॉर्ट्‌स व म्यूलर यांना १९८६ मध्ये लँथॅनम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडात ती अनपेक्षितपणे उच्च तापमानास आढळली (नोबेल पारितोषिक, १९८७). तेव्हापासून क्युप्रेटांत (तांब्याच्या संयुक्त ऑक्साइडांत) एका मूलद्रव्याच्या जागी दुसरे बसवून, म्हणजे प्रतिष्ठापन करून, पाहण्याची चढाओढ सुरू झाली. फ्रान्समध्ये मिशेल, रावो व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये बिस्मथ व स्ट्राँशियम घेऊन तयार केलेले क्युप्रेट ७ ते २२ के. या पल्ल्यातच अतिसंवाहक होत असल्याने त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. वस्तुतः या कुलाचा आरंभ तेथेच आहे. १९८८ च्या प्रारंभी जपानमध्ये माएदा व सहकाऱ्यांनी याच घटकांबरोबर कॅल्शियम घेतले आणि संक्रमण तापमान सु. १०५ के. पर्यंत, म्हणजे द्रव नायट्रोजनाच्या उकळबिंदूच्या (७७ के.) बरेच वर गेले.

या स्फटिकांत तांबे-ऑक्सिजनाचे एक, दोन किंवा तीन थर बिस्मथ-ऑक्सिजनाच्या दुहेरी थरांमध्ये बसलेले असतात. त्यांची संक्रमण तापमाने अनुक्रमे सु. २०, ८५ व ११० के. आहेत. तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळून वाढत असल्याने ११० के. चा प्रकार वेगळा मिळेना. १९८८ मध्येच ताकानो व सहकाऱ्यांनी बिस्मथाच्या काही अणूंच्या जागी शिसे घातले, तेव्हा तो मुबलक प्रमाणात तयार होऊ लागला. शिशाने संक्रमण तापमान वाढते, असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. शिसे मुख्यतः योग्य त्या संरचनेला स्थैर्य देते. बिस्मथाचे थर शेजारच्या थरांवर नीट बसत नसल्याने स्फटिकात सु. २६ अँगस्ट्रॉम लांबीची लहर उमटते. शिशाचे प्रमाण वाढविल्यास ती लांबत जाऊन नाहीशी होते, तरी अतिसंवाहकता टिकते. अर्थात ही लहर अतिसंवाहकतेचे कारण नव्हे.

मग कारण कोठे शोधावयाचे? कॅल्शियमाच्या जागी केलेल्या प्रतिष्ठापनाने याचे उत्तर पुष्कळसे मिळते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अनंत विष्णू नारळीकर व सहकाऱ्यांनी त्या जागी प्रेझिओडिमियम व सिरियम घालून पाहिले. उच्च तापमान अतिसंवाहकांवरील ग्रंथमालेचे संपादनही नारळीकरांनी १९८९ पासून केले. कॅल्शियम आयनावर दोन धन भार असतात, तर या मूलद्रव्यांच्या आयनांवर तीन किंवा अधिक. त्यामुळे जास्तीचे इलेक्ट्रॉन तांब्याच्या थरांतील रिक्त जागा (धन भारवाहक) भरून काढतात. अशा प्रतिष्ठापनाचे प्रमाण पुरेसे वाढले की, अतिसंवाहकता लोपते व पदार्थ निरोधक बनतो. यिट्रियमाचा परिणामही असाच होतो. पण त्याच्या अल्प प्रमाणाने संक्रमण तापमान प्रथम किंचित चढते, कारण मूळ पदार्थात भारवाहक इष्ट प्रमाणाहून जास्त असतात.

खुद्द तांब्याच्या जागी लोह, कोबाल्ट, निकेल वा जस्त घातल्यास मात्र अल्प प्रमाणातही संक्रमण तापमान झपाट्याने उतरते. जस्त चुंबकीय नसूनही हानिकारक ठरते, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे.

व्यवहारात टिकला तो शिसेयुक्त त्रिस्तरी प्रकार. त्याची पूड चांदीच्या नळीत भरून, नळी ओढून व लाटून तयार केलेल्या फिती विद्युत् केबलींसाठी वापरण्यात आल्या.