खोटं पकडणारं मशीन आणि बाहुल्यांची घरं

आजच्या एपिसोडमध्ये एक पोस्टमन आहे, मुलींचं हॉस्टेल आहे, बाहुल्यांची घरं आहेत आणि पुढे आपलं पुणेही आहे. विषय म्हणाल तर एकच: गुन्ह्यांचा अभ्यास शिकवणाऱ्या कॉलेजांत प्रयोगशाळा कशी आली, आणि तिथल्या यंत्रांवर विश्वास किती ठेवायचा.

साल १९२१. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातलं बर्कली. तिथल्या युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये चोऱ्या होत होत्या. कधी पैसे, कधी अंगठी. चोर आतलाच असणार हे उघड होतं, पण कोण? पोलिसांनी जॉन लार्सन नावाचा शिपाई पाठवला. हा शिपाई शरीरशास्त्रातला पीएच.डी. होता. हो, पीएच.डी. झालेला आणि पोलिसांत नोकरी करणारा! अमेरिकेतला तसा तो पहिलाच मानला जातो. त्याने रक्तदाब आणि श्वास दोन्ही एकाच वेळी कागदावर उमटवणारं एक यंत्र जुळवलं होतं. कागदाला काजळी फासलेली, त्यावर सुई रेघ ओढत जाणार. मुलींना एकेक करून बसवलं, सगळ्यांना तेच प्रश्न विचारले. एका मुलीची रेघ उसळली, ती चिडून उठून गेली आणि पुढे तिने कबुली दिली. झालं! पेपरवाल्यांना ‘लाय डिटेक्टर’ मिळाला. (जिच्यावर पहिली चाचणी झाली त्या मुलीशी लार्सनने पुढे लग्न केलं. मी बनवून सांगत नाहीये.)

पण पीएच.डी. झालेला माणूस पोलिसांत आला कसा? त्यामागे होता ऑगस्ट व्होल्मर, बर्कलीचा पोलीसप्रमुख. याचं स्वतःचं शिक्षण जेमतेम शाळेपुरतं. आधी तो गावात टपाल वाटायचा. १९०५ मध्ये लोकांनी त्याला मार्शल म्हणून निवडून दिलं. त्याने शिपायांना सायकली दिल्या आणि १९०८ मध्ये त्यांच्यासाठी चक्क शाळा काढली. शेजारच्या युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर येऊन शिकवायचे. १९१६ पासून युनिव्हर्सिटीतच उन्हाळ्याच्या सुट्टीत गुन्हेगारीशास्त्राचे वर्ग सुरू झाले. पुढे तर त्याने कॉलेजच्या मुलांनाच पोलिसांत भरती करायला सुरुवात केली. बाकीचे पोलीस हसायचे त्याला.

युरोप थोडा पुढे होता, हे सांगायला हवं. स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे रुडॉल्फ राइस या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्येच युनिव्हर्सिटीत पोलीसविज्ञानाची संस्था उभी केली होती. तो फोटोग्राफीतला वस्ताद. पण व्होल्मरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण त्याला लॅब हवी होती ती मारहाण थांबवायला. त्या काळी अमेरिकेत संशयिताला कोठडीत बडवून कबुली घेणं ही नेहमीची पद्धत होती. ‘थर्ड डिग्री’ हा शब्द तिकडूनच आपल्याकडे आलाय. पोलिसाच्या हातात काठीऐवजी मायक्रोस्कोप दिला तर तो मारणार नाही, असा व्होल्मरचा साधा हिशोब. लार्सनचं यंत्र या हिशोबात फिट्ट बसलं.

आता इथून गोष्ट वाकडी होते.

यंत्र रक्तदाब मोजतं, श्वास मोजतो तो वेग दाखवतं. खोटं मोजत नाही. घाबरलेला निर्दोष माणूस आणि घाबरलेला चोर, दोघांचीही छाती धडधडतेच की! १९२३ मध्येच वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने जेम्स फ्राय नावाच्या आरोपीच्या खटल्यात रक्तदाबावरची अशीच एक चाचणी पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. त्या क्षेत्रातल्या जाणकारांमध्ये तिला मान्यता नाही, असं कोर्ट म्हणालं. ती चाचणी लार्सनची नव्हती, विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाची होती. याच मार्स्टनने पुढे ‘वंडर वुमन’ हे पात्र निर्माण केलं, आणि तिच्या हातातला दोर कुणालाही खरं बोलायला लावतो! कोर्टात जमलं नाही ते कॉमिक्समध्ये जमवलं.

कोर्टाने नाही म्हटलं तरी यंत्र थांबलं नाही. व्होल्मरच्या ठाण्यात लिओनार्ड कीलर नावाचा शाळकरी पोरगा घुटमळत असायचा. त्याने यंत्र पेटीत मावेल असं केलं आणि शिकागोला गेला. तिथे १९२९ च्या व्हॅलेंटाइन डेला टोळीयुद्धात सात जणांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या गेल्या होत्या. त्या प्रकरणानंतर नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलच्या छत्राखाली गुन्हे तपासाची लॅब निघाली. गोळ्या, टायपिंगची अक्षरं, बोटांचे ठसे, सगळं तिथे हाताळून शिकवलं जायचं. एफबीआयने १९३२ मध्ये स्वतःची लॅब काढली, तेव्हा ती उभारणारा माणूस इथेच शिकून गेला होता. आणि याच लॅबमध्ये कीलर आपलं यंत्र चालवत होता. ज्या टेबलावर गोळीवरचे खरेखुरे ओरखडे तपासले जात, त्याच्याच शेजारी लाय डिटेक्टर. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच विज्ञान वाटणार ना! पुढे कीलरने बँकांच्या कर्मचाऱ्यांनाही त्या खुर्चीत बसवलं. लार्सन मात्र नंतर मानसोपचारतज्ज्ञ झाला आणि आपल्याच यंत्राच्या गैरवापराविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिला.

याच्या अगदी उलटी लॅब हार्वर्डमध्ये होती. तिथे यंत्रच नव्हतं, बाहुल्या होत्या.

फ्रान्सिस ग्लेसनर ली ही शिकागोच्या श्रीमंत घरातली बाई. तिच्या तरुणपणी हार्वर्डचं मेडिकल स्कूल बायकांना प्रवेश देत नव्हतं. वारशाचा पैसा हातात आल्यावर तिने १९३१ मध्ये त्याच हार्वर्डला न्यायवैद्यक शिकवण्यासाठी देणगी दिली. पण पोलिसांना शिकवायचं कसं? खऱ्या खुनाच्या जागी पन्नास जणांना नेलं तर पुरावाच तुडवला जाणार. मग तिने सुताराला हाताशी धरून छोट्या खोल्या बनवल्या. एका फुटाला एक इंच, या मापाच्या. खऱ्या प्रकरणांवरून रचलेले मृत्यूचे प्रसंग. आत लागणारे दिवे, भिंतीवर कॅलेंडर, टाचण्यांवर विणलेले इवलेसे मोजे. मृतदेहाच्या कातडीचा रंगसुद्धा किती वेळ गेलाय त्या हिशोबाने रंगवलेला. शिकायला आलेल्या पोलिसांना दोन खोल्या मिळायच्या आणि नव्वद मिनिटं. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. अपघात, आत्महत्या, खून की नैसर्गिक मृत्यू?

मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते ती घरांची निवड. बरीचशी घरं साध्या, गरीब माणसांची आहेत आणि मेलेल्यांत बायका पुष्कळ. म्हणजे ज्या मृत्यूकडे पोलीस पटकन बघून ‘स्टोव्हपाशी काहीतरी झालं असेल’ म्हणत कागद बंद करतात, नेमके ते. (आपल्याकडे स्टोव्हची गोष्ट कुणाला वेगळी सांगायला नको.) यातल्या अठरा खोल्या आज बाल्टिमोरमध्ये आहेत, अजूनही प्रशिक्षणात वापरतात, आणि त्यांची उत्तरं अजूनही बाहेर सांगत नाहीत.

आता पुण्याकडे येऊ. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात दोन तरुणांना जन्मठेप दिली. त्यातल्या मुलीची मुंबईच्या सरकारी लॅबमध्ये ब्रेन मॅपिंगची चाचणी झाली होती. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची, तिने गप्प बसायचं आणि हे ‘अनुभवलेलं’ आहे की नाही ते यंत्राने सांगायचं. बाकी पुरावाही होता, पण निकालपत्रात या चाचणीचा आधार घेतला गेला आणि जगभरचे मेंदूतज्ज्ञ चक्रावले. पुढे हायकोर्टातून जामीन झाला. मग २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग, यातलं काहीही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. १९२३ मध्ये वॉशिंग्टनला ज्याच्यावर वाद झाला, तेच घोंगडं इतकी वर्षं भिजत पडलेलं.

आणि आत्ताच हे का सांगतोय? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरी सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं त्यात सक्तीचं केलंय; राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे माणसं भरपूर लागणार. आपल्याकडे सागर विद्यापीठात १९५९ पासून हा विषय शिकवतात, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी संस्था आहेत, आणि आता तुमच्यातलेही अनेक जण या कोर्सला जायचं म्हणतायत.

तर लॅबमध्ये चांगलं काय असतं त्याचं एक उदाहरण, तुमच्या हातातल्याच फोनचं. जप्त फोनची प्रत काढली की तिची ‘हॅश व्हॅल्यू’ काढतात, म्हणजे त्या सगळ्या डेटाचा आकडे-अक्षरांतला ठसा. नव्या साक्ष अधिनियमात डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्रातही ती लिहावी लागते. हे कुणी सांगितलं म्हणून मानायचं कारण नाही. कॉम्प्युटरवर एक फाइल घ्या, हॅश काढा, एक स्वल्पविराम बदला, परत काढा. अख्खी हॅश बदललेली दिसेल. शंका आली तर शंभर वेळा करा. लार्सनच्या खुर्चीत बसलेल्या मुलीला अशी सोय नव्हती.

म्हणून ॲडमिशनच्या आधी कॉलेजात गेलात तर लॅब बघायला मागा, आणि एका मायक्रोस्कोपमागे किती मुलं ते विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे विचारा की प्रॅक्टिकलला दिलेले ठसे कधी मुद्दामच न जुळणारे असतात का, आणि ‘यातून काही सांगता येत नाही’ असं लिहिलं तर मार्क मिळतात का.