दख्खनची सफर

चिंचवड-चाकणच्या कारखान्यांच्या आश्रयाने सुखवस्तू झालेली मंडळी हल्ली केनियात जाऊन मसाईमाराजवळ तंबूंत राहतात. रात्री सिंहाची गर्जना ऐकतात आणि सकाळी तांबडी वस्त्रे पांघरलेल्या मसाई गुराख्यांचे उंच उड्यांचे नृत्य पाहून धन्य होतात. ‘सफारी’ हा शब्द स्वाहिलीने अरबीतून घेतला. आपली ‘सफर’ त्याची सख्खी बहीण होय. पूर्व आफ्रिकेतील पांढऱ्या गळ्याच्या एका वानरास ‘साइक्सचे माकड’ म्हणतात. त्या साइक्सच्या राहुट्या मात्र आपल्याच माळांवर पडत असत, हे थोड्या वाचकांस ठाऊक असेल.

विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) या लष्करी अधिकाऱ्यास एल्फिन्स्टनने १८२४ साली दख्खनची सांख्यिक माहिती जमविण्याच्या कामावर नेमिले. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्याकडे होते. पेशवाई बुडून पुरती सात वर्षेही लोटली नव्हती. जमिनीचा धारा, गावची वतने, पाऊस, वारा यांची टिपणे करता करता त्याने येथील पशुपक्ष्यांचीही गणना केली आणि १८३१ च्या सुमारास ती लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळापुढे मांडिली. भारतीय लांडग्यास ‘फिक्या पायांचा’ अशा अर्थाचे लॅटिन नाव त्यानेच दिले. घाटांतील रानकुत्र्यास तर दख्खनचेच नाव दिले. परंतु या नावांशेजारी त्याने ‘लांडगा’ आणि ‘कोळसून’ हे मराठी शब्दही नोंदविले आहेत. ते शब्द कोणाच्या तोंडचे? या जनावरांच्या वाटा, बिळे आणि वेळा पिढ्यान्पिढ्या पाहत आलेल्या माणसांचे. लंडनला नवीन असलेला प्राणी धनगराच्या कुत्र्यालाही जुनाच होता!

लांडगा हा दाट अरण्याचा नव्हे, उघड्या माळाचा रहिवासी. आणि त्या माळावर त्याच्याइतकाच जुना हक्क मेंढपाळाचा. दिवाळीनंतर कोरड्या पूर्वभागातले धनगर बिऱ्हाड घोड्यांवर लादून पश्चिमेस, कित्येक तर घाट उतरून कोकणात जातात. जेथे मुक्काम पडतो तो वाडा. त्याला भिंती नसतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो, लेंड्यांचे खत घेतो आणि धान्य किंवा पैसे देतो. रात्री बिरोबाच्या ओव्या चालतात. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या कथांमागे धावत ग्यूंथर सोंथायमर (१९३४–१९९२) हा जर्मन पंडित या वाड्यांतून हिंडला. आम्हांपैकी बहुतेकांस मात्र वाडा म्हणजे वाहतुकीस होणारा अडथळा, एवढीच ओळख! लांडग्याने नेलेले मेंढरू हा त्याचा वाटाच, असे मानणारे धनगर आहेत. कारखानदारांत एवढे औदार्य आमच्या ऐकिवात नाही.

मसाईंचे नशीब फार निराळे होते असे नाही. १९०४ आणि १९११ च्या करारांनी इंग्रजांनी त्यांना उत्तम कुरणांतून हुसकाविले. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून, वन्य पशूंच्या रक्षणार्थ म्हणून, त्यांना बाहेर काढिले. परंतु माराच्या भोवती या शतकात एक वेगळी तोड निघाली. अनेक मसाई कुटुंबांच्या नावे जमीन आहे. तंबूवाले तिचे भाडे त्यांना देतात आणि ठरलेल्या नियमाने गुरेही तेथेच चरतात. ही व्यवस्था निर्दोष नाही. तरी यजमान कोण, हे तेथे कागदावर लिहिलेले आहे.

इकडे वसुलाच्या दप्तराने माळास ‘पडीक’ ठरविले, कारण त्यावर धारा येत नसे. तो शब्द इंग्रज गेल्यावरही राहिला. १९६० नंतर भोसरी-पिंपरीस आणि १९९० नंतर चाकणला जे कारखाने उठले, त्यांनी पोटास दिले हे कोण नाकारील? पण माळ रिकामाच होता, हे म्हणणे खोटे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी राखिले गेले, ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. एवढ्यात लांडग्याचा एक कळपही पुरता मावत नाही, आणि वाड्यास तेथे उतरण्याचा हक्क कोणत्याच सातबाऱ्यावर नोंदलेला नाही.