व्हाइटचॅपेल ते नागपाडा

इ. स. १८७३ मध्ये सॅम्युएल बार्नेट यांनी पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपेल भागातील सेंट ज्यूड चर्चची सूत्रे हाती घेतली. त्यांना ही जागा देऊ करणाऱ्या बिशपनेच, हा आपल्या अधिकारक्षेत्रातील सर्वांत वाईट भाग होय, अशी पूर्वसूचना देऊन ठेवली होती. गोदीतील बेभरवशाच्या रोजंदारीवर जगणारी माणसे, एकेका खोलीत दाटलेली कुटुंबे आणि जवळजवळ ओस पडलेले चर्च असे त्या वस्तीचे चित्र होते. अशा ठिकाणी धर्मोपदेशकाने प्रवचन करावे व भिक्षा वाटावी, हा त्या काळचा रूढ प्रघात. बार्नेट यांनी भिक्षेचा हात प्रथम आखडता घेतला आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला.

दारिद्र्याइतकेच दारिद्र्याविषयीचे अज्ञानही घातक आहे, आणि ते सुशिक्षितांत अधिक आहे, अशी त्यांची धारणा बनत गेली. १८८३ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात त्यांनी जी योजना मांडली तिचे सार असे : विद्यापीठातील तरुणांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन शेजारी म्हणून राहावे. त्याच वर्षी अकाली मृत्यू पावलेले अर्थशास्त्रज्ञ अर्नोल्ड टॉइन्बी यांचे नाव घेऊन १८८४ च्या अखेरीस टॉइन्बी हॉल उघडला. तेथे राहणाऱ्यांवर धर्ममताची कोणतीही अट नव्हती. नेमकी हीच गोष्ट केबल महाविद्यालयातील मंडळींना खटकली व त्यांनी त्याच वर्षी बेथनल ग्रीन येथे चर्चनिष्ठ असे ऑक्सफर्ड हाउस स्थापिले. श्रद्धेने प्रेरित झालेल्या कार्यात श्रद्धेचा उच्चार किती असावा, हा वाद असा या चळवळीच्या जन्माबरोबरच जन्मला.

वस्तीसुधारणेचा अनुभव मात्र या वादाहून कठोर होता. १८७५ च्या कायद्यान्वये रोगट घरे पाडण्याचा आग्रह बार्नेट यांनी धरला. घरे पडली, पण नवी उभी राहण्यास वर्षे लागली आणि दरम्यान तेथील रहिवासी आसपासच्या गल्ल्यांत अधिकच दाटीने राहू लागले. ईस्ट लंडन ड्वेलिंग्ज कंपनीच्या कॅथरिन बिल्डिंग्ज १८८५ मध्ये उभ्या राहिल्या, तरी सद्भावनेने पाडलेल्या भिंतीखाली प्रथम गरीबच सापडतो, हे सत्य त्यामुळे झाकले जात नाही. (पुढील काळातील नगररचनाकारांनाही हा धडा पुनःपुन्हा गिरवावा लागला आहे.)

टॉइन्बी हॉल पाहून गेलेल्या जेन अ‍ॅडम्स यांनी एलन गेट्स स्टार यांच्यासह १८८९ मध्ये शिकागो येथे हल हाउस सुरू केले. त्याच शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. १८१३ पासून मुंबईत असलेल्या या मिशनने गिरणगावालगतच्या दाट वस्तीत काम करण्याचे ठरविले आणि १९२६ मध्ये भायखळ्यानजीक नागपाडा नेबरहूड हाउस सुरू झाले. नागपाड्यात मुसलमान, यहुदी, हिंदू, ख्रिस्ती असा संमिश्र शेजार होता. तेथे बार्नेट यांचाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहणार होता. कारण मिशनच्या नावाबरोबर धर्मांतराची शंका येतच असे. मॅन्शार्ट यांनी शेजार हाच कार्याचा पाया मानला. धर्मप्रसाराला वाहिलेल्या संस्थेच्या छत्राखाली हे घडले, यातील ताण दुर्लक्षिण्यासारखा नाही.

या कामाला प्रशिक्षित माणसे हवीत, ही जाणीव त्यांना याच घरात झाली. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने १९३६ मध्ये भारतातील समाजकार्याची पहिली पदव्युत्तर शाळा सुरू झाली, तीही नागपाड्याच्या याच वास्तूत. मिशनऱ्याची कल्पना, पारशी घराण्याचा निधी आणि सर्वधर्मीय विद्यार्थी असा हा मेळ होता. मॅन्शार्ट हे पहिले संचालक. १९४१ मध्ये त्यांच्यानंतर जे. एम. कुमारप्पा आले. १९४४ मध्ये शाळेचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असे झाले आणि १९५४ मध्ये संस्था देवनारला गेली.

या स्थलांतरात एक अर्थपूर्ण बदल दडलेला आहे. बार्नेट यांचे तरुण वस्तीत राहात. नव्या शास्त्राचा विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी वस्तीत जातो आणि सायंकाळी परत येतो. शास्त्राने समाजकार्याला पद्धती दिली, पण शेजाऱ्याची जागा अभ्यासकाने घेतली.